समोरच्याच्या खात्यात शून्य

पनवेल-उरण पट्ट्यात भाताची कापणी आटोपली की टेनिस क्रिकेटचे दिवस येतात. रिकामी झालेली शेतं, गावाबाहेरची मैदानं, नव्या वसाहतींतले अजून न बांधलेले भूखंड, जिथे जागा सापडेल तिथे खेळपट्टी उभी राहते. मोठ्या स्पर्धा रात्री प्रकाशझोतात होतात, मोबाइलवर थेट दिसतात आणि आगरी ठेक्यातलं समालोचन दूरवर ऐकू जातं. सामना चार-पाच षटकांचा असतो. एवढ्या छोट्या खेळात गर्दीचं सगळं लक्ष षटकारांवर असतं, आणि ते स्वाभाविकही आहे. पण हिशेब करून पाहावा. चार षटकांचा डाव म्हणजे चोवीस चेंडू. त्यात एखाद्या पोराने एक षटक निर्धाव टाकलं, तर त्याने समोरच्या संघाचा पाव डाव पुसून टाकला. एका षटकात चार षटकार मारणाऱ्याच्या कामगिरीइतकंच हे वजनदार काम आहे. तरी सामना संपल्यावर त्या षटकाची आठवण कुणी काढत नाही, कारण जे घडलं नाही ते आठवणीत राहायला कठीण असतं.

न घडलेल्या गोष्टीची नोंद जिवापाड जपणारा एक खेळ जगात आहे, तो म्हणजे बेसबॉल. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि त्याचं भावंड सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात, पण शाळेबाहेर आपला त्याच्याशी संबंध फारसा येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका मोसमात १६२ साखळी सामने खेळतो. त्यात एखाद्या संघाने प्रतिस्पर्ध्याला पूर्ण सामन्यात एकही धाव करू दिली नाही, तर त्या विजयाला शटआउट म्हणतात. एकाच पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, पहिल्यापासून शेवटपर्यंत किल्ला लढवला असेल तर शटआउट त्याच्या नावावर लागतो आणि कारकिर्दीच्या आकड्यांत त्याचा वेगळा रकाना असतो. वॉशिंग्टनकडून १९०७ ते १९२७ खेळलेल्या वॉल्टर जॉन्सनच्या त्या रकान्यात ११० हा आकडा आहे. शंभर वर्षांत त्याच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही आणि आता पोचण्याची शक्यताही उरलेली नाही. ती का उरली नाही, ते पुढे येईलच.

क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा: अख्ख्या संघाला शून्य धावा, हे होतं तरी कसं? याचं उत्तर धाव मोजण्याच्या पद्धतीत आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू ढकलून पलीकडच्या टोकाला पोचला की धाव जमा झाली. पुढच्या चेंडूवर तो बाद झाला तरी ती धाव कुणी काढून घेत नाही. बेसबॉलमध्ये चार बेस चौकोनात मांडलेले असतात, एकापासून दुसरा ९० फुटांवर, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटरवर. फलंदाजाने चेंडू मारून पहिला बेस गाठला म्हणजे त्याला काहीच मिळालेलं नसतं. तो तिथे उभा राहतो. पुढच्या फलंदाजांनी चांगले फटके मारले तर तो दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर सरकतो आणि चौथ्या, म्हणजे घरच्या बेसवर परत आला तरच एक धाव होते. दरम्यान संघाचे तीन गडी बाद झाले की तो डाव संपतो. बेसवर उभे असलेले सगळे तिथूनच परत फिरतात, उंबऱ्यापर्यंत येऊन मागे वळलेल्या पाहुण्यासारखे, आणि पुढचा डाव पुन्हा रिकाम्या बेसपासून सुरू होतो. असे नऊ डाव.

म्हणजे धाव होण्यासाठी एकाच डावात, तीन गडी पडायच्या आत, यशांची साखळी जुळावी लागते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये फलंदाज साधारण तीनपैकी एकदा बेसवर पोचतो. तीनातून एकदा मिळणारं यश लागोपाठ दोन-तीनदा मिळणं किती अवघड ते सहज लक्षात येईल. चेंडू एकाच फटक्यात कुंपणापार गेला तर साखळीची गरज पडत नाही. म्हणून शटआउट करू पाहणाऱ्या पिचरला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: कुंपणापार काही जाऊ द्यायचं नाही आणि दोन यशं एकमेकांना जोडू द्यायची नाहीत.

ही गोष्ट २६ मे १९५९ च्या रात्री जितकी स्पष्ट दिसली तितकी क्वचितच दिसली असेल. मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियमवर पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध उतरला. त्याने नऊ डावांत सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना बाद केलं. पहिल्या बेसवरही कुणी पाऊल ठेवू शकलं नाही. एरवी इथे सामना संपतो आणि पिचरला खांद्यावर घेतात. पण हॅडिक्सच्या संघालाही धाव मिळत नव्हती, म्हणून खेळ पुढे चालू राहिला. दहावा डाव, अकरावा, बारावा. छत्तीस फलंदाज आले, छत्तीस बाद झाले. असा पराक्रम त्याआधी कुणी केला नव्हता. तेराव्या डावात तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली आणि एक फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. पुढच्याने स्वतःचा बळी देऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. त्यानंतर आलेल्या हँक ॲरनला पिट्सबर्गने मुद्दाम फुकटचा बेस दिला, इतका तो धोकादायक होता. आणि मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. आनंदाच्या गोंधळात ॲडकॉक धावता धावता ॲरनला ओलांडून गेला, त्यामुळे त्याचा फटका होमरन म्हणून धरला गेला नाही आणि निकाल १-० असा नोंदला गेला. हॅडिक्स हरला.

त्या रात्री शटआउट कुणाच्या नावावर लागला? मिलवॉकीच्या ल्यू बर्डेटच्या. त्याने तेरा डावांत तब्बल बारा फटके खाल्ले होते. प्रत्येक वेळी पिट्सबर्गचा कुणी ना कुणी बेसवर पोचायचा आणि प्रत्येक वेळी बर्डेट साखळी तोडायचा. एकाने बारा डाव निर्दोष फेकले आणि सामना गमावला. दुसरा सतत अडचणीत सापडून सतत सुटत राहिला, आणि जिंकला. क्रिकेटमध्ये बारा फटके म्हणजे किमान बारा धावा. बेसबॉलमध्ये त्याचं शून्यही होऊ शकतं. मला या सामन्यात हॅडिक्सइतकाच बर्डेट मोठा वाटतो. निर्दोष असणं ही एक गोष्ट झाली. दोष पदरात असताना हिशेब शून्यावर ठेवणं ही वेगळी, आणि तीही अस्सल, हुशारी आहे.

पिचर हे करतो कसं? तो मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा असतो. तिथून घरच्या बेसपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर आहे. आपली खेळपट्टी २०.१२ मीटरची, म्हणजे अंतर साधारण तेवढंच. पण बेसबॉलचा चेंडू टप्पा घेत नाही, थेट हवेतून येतो आणि कोपरातून हात वाकवून फेकायला तिथे पूर्ण मुभा आहे. ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने फेकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. चेंडू कुठला आहे, कुठे येतोय आणि मारायचा की सोडायचा हे सगळं तेवढ्यात ठरवायचं. घरच्या बेसची रुंदी १७ इंच. तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्याखालच्या पोकळीपासून छातीच्या सुमारापर्यंत, एक काल्पनिक खिडकी धरलेली असते. चेंडू त्या खिडकीतून गेला आणि फलंदाजाने सोडला तरी तो फलंदाजाच्या विरोधात मोजला जातो. असे तीन झाले की बाद. उलट चार चेंडू खिडकीबाहेर गेले आणि फलंदाजाने त्यांना हात लावला नाही, तर त्याला पहिला बेस फुकट. म्हणून पिचर मधोमध फेकत नाही, खिडकीच्या कडा धरून राहतो. मधला चेंडू मार खातो, बाहेरचा फुकट बेस देतो. अडीच-तीन तास त्या कडेवर चालत राहणं हे त्याचं काम.

चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात. बोटं त्या टाक्यांवर कशी बसवली यावर चेंडू हवेत कसा फिरणार ते ठरतं. मागच्या बाजूने फिरकी दिली तर वेगवान चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि फलंदाज त्याच्याखालून बॅट फिरवतो. पुढच्या बाजूने फिरकी दिली तर चेंडू ऐन वेळी खाली कोसळतो. तिसरा प्रकार जास्त फसवा असतो. हाताची गती तीच ठेवून चेंडू मात्र मंद सोडायचा, म्हणजे फलंदाजाची बॅट चेंडू यायच्या आधीच फिरून जाते. आपल्या फिरकी गोलंदाजांना या सगळ्याचं तत्त्व सांगायला नको. हवेत कमी-जास्त वेग करून फलंदाजाला पुढे ओढायचं आणि मग चेंडू लवकर खाली उतरवायचा, हे तेही करत आले आहेत.

पिचरच्या नावावर लागलेल्या शून्यामागे आणखी आठ जण असतात. सगळ्यांत मोठा वाटा कॅचरचा, आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी बसणाऱ्याचा. कोणता चेंडू कुठे फेकायचा हे बहुतेक वेळा तोच सुचवतो. पूर्वी तो मांड्यांच्या आडोशाने बोटांच्या खुणा करायचा. २०२२ पासून मोठ्या लीगमध्ये मनगटावरची बटणं दाबून पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरमध्ये सूचना पाठवायची सोय झाली आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खुणा चोरता येत नाहीत. बाकीचे क्षेत्ररक्षक एकाच फटक्यावर दोन गडी बाद करून जुळत आलेली साखळी मोडतात. बर्डेटचे बारा फटके पचले ते क्षेत्ररक्षकांच्या हातांमुळेही.

शून्याचं सर्वांत भरलेलं पीक १९०५ च्या जागतिक मालिकेत, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या लढतीत, आलं. न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स यांच्यात पाच सामने झाले, आणि पाचही सामन्यांत हरणाऱ्या संघाला एकही धाव करता आली नाही. जायंट्सने चार जिंकले. त्यातले तीन एकट्या क्रिस्टी मॅथ्यूसनने, ९, १२ आणि १४ ऑक्टोबरला, म्हणजे सहा दिवसांत. सत्तावीस डाव, शून्य धावा, आणि इतक्या वेळात त्याने फुकटचा बेस दिला फक्त एकदा. तेव्हा चेंडू मऊ असायचा, मळकट झाला तरी बदलत नसत, त्यामुळे फटका लांब जाणं कठीण होतं. हे मान्य केलं तरी सहा दिवसांत सत्तावीस डाव एकाच खांद्याने पेलणं लहान गोष्ट नव्हे.

त्रेसष्ट वर्षांनी पिचरांची ताकद इतकी वाढली की खेळाचे नियम बदलावे लागले. १९६८ च्या मोसमात सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने १३ शटआउट केले. बेसबॉलमध्ये पिचरची पारख, क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या यावरून होते. गिब्सनचा त्या वर्षीचा आकडा होता १.१२. एवढं करूनही तो नऊ सामने हरला, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉन ड्रायस्डेलने सलग ५८ पूर्णांक दोन तृतीयांश डावांत धाव दिली नाही. तो विक्रम १९८८ मध्ये त्याच संघाच्या ओरेल हर्शायझरने सलग ५९ डावांपर्यंत नेला. १९६८ नंतर फलंदाजांना श्वास घ्यायला जागा द्यायची असं व्यवस्थापकांनी ठरवलं. १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आला आणि काल्पनिक खिडकीही लहान केली गेली. धाव न देणारे इतके प्रभावी ठरले की जमीनच पाच इंच खाली आणावी लागली, याहून मोठी पावती गोलंदाजीला कुठल्या खेळात मिळाली असेल असं मला वाटत नाही.

आज एका पिचरने पूर्ण सामना फेकणं दुर्मीळ झालं आहे. एकाच सामन्यात तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की फलंदाज त्याला जास्त चांगलं खेळतात, हे आकडेवारीने दाखवून दिलं. खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापतींची भीती आहेच. त्यामुळे शंभरेक चेंडू झाले की पिचरला बसवतात आणि ताज्या दमाचे दुसरे पिचर एकेक डाव फेकतात. २ नोव्हेंबर २०२२ ला जागतिक मालिकेच्या चौथ्या सामन्यात ह्यूस्टन ॲस्ट्रोजने फिलाडेल्फिया फिलीजला ५-० ने हरवलं. शून्य धावाच नाहीत, तर एकही फटका धड लागू दिला नाही. क्रिस्टियन हावियेरने सहा डाव फेकले आणि पुढचे तीन डाव तिघांनी वाटून घेतले. संघाचा विजय तोच आणि तेवढाच मोठा. पण वैयक्तिक शटआउटचा रकाना त्या रात्री चौघांसाठीही रिकामा राहिला. वॉल्टर जॉन्सनच्या ११० ला आता धक्का लागणार नाही तो यामुळेच.

शटआउटसाठी एकाच पिचरने पूर्ण सामना फेकावा लागतो, या नियमाला एक अपवाद आहे. पहिल्या डावात एकही गडी बाद व्हायच्या आधी, धाव झालेली नसताना बदली पिचर आला आणि त्याने धाव न देता सामना संपवला, तर शटआउट त्याला मिळतो. २३ जून १९१७ ला बोस्टनमध्ये नेमकं हेच घडलं. बोस्टनचा पिचर होता बेब रूथ, जो पुढे फलंदाज म्हणून जगप्रसिद्ध झाला. वॉशिंग्टनच्या पहिल्याच फलंदाजाला फुकट बेस दिल्याच्या निर्णयावरून त्याचं पंचांशी भांडण झालं, त्याने पंचांवर हात उगारला आणि त्याला बाहेर काढलं. फारशी तयारी करायला वेळ न मिळालेला अर्नी शोर आला. बेसवरचा खेळाडू पुढचा बेस चोरायला गेला आणि बाद झाला. त्यानंतर शोरने ओळीने सव्वीस जणांना बाद केलं. बोस्टन ४-० ने जिंकलं.

आता क्रिकेटकडे येऊ. इथे पूर्ण संघाला शून्यावर रोखणं जवळपास अशक्य आहे. कसोटीतली नीचांकी धावसंख्या २६, ऑकलंडला २८ मार्च १९५५ ला इंग्लंडविरुद्ध न्यूझीलंडची. त्यातही बर्ट सटक्लिफने ११ केल्या होत्या. चुकून लागलेली कड, वाइड, पायाला लागून मागे गेलेला चेंडू, कुठून ना कुठून धाव गळतेच. शून्याच्या अगदी जवळ जाणारी एक गोष्ट आपल्या मुंबईतच घडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या पहिल्या फेरीत बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलने ७६१ धावा केल्या. समोरच्या शाळेचा संघ सात धावांत बाद झाला, आणि त्या सातही धावा अवांतर होत्या: सहा वाइड आणि एक बाय. बॅटमधून एकही धाव निघाली नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांवर असा प्रसंग येणं वाईटच, आणि त्यावर तेव्हा झालेली टिंगल मला तेव्हाही पटली नव्हती. खेळाचा अभ्यास म्हणून मात्र त्यातून एक गोष्ट कळते. विजेत्यांच्या गोलंदाजांनी बॅटला शून्यावर ठेवलं, तरी फलकावर सात लागले. क्रिकेटमध्ये शून्य मोडायला फलंदाजाचीही गरज नसते. याच हॅरिस शील्डमध्ये, याच आझाद मैदानावर, फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली होती. ती जगाला पाठ आहे.

संघाला शून्यावर रोखता येत नाही, पण एका गोलंदाजाला आपल्या हिश्श्यापुरता शटआउट टाकता येतो. तो टाकला नाशिकला जन्मलेल्या रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांनी. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू होती. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. बुधी कुंदरनच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धावा. मग बापूंनी चेंडू हातात घेतला. क्रिकेटमध्ये गोलंदाजीचं पृथक्करण षटकं, निर्धाव षटकं, धावा आणि बळी या क्रमाने लिहितात. बापूंचं त्या डावातलं पृथक्करण ३२-२७-५-०. बत्तीस षटकांत पाच धावा. ती त्यांनी चार टप्प्यांत टाकली: ३-३-०-०, ७-५-२-०, १९-१८-१-० आणि ३-१-२-०. त्यात सलग २१ षटकं निर्धाव गेली आणि ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टनसारखे भक्कम फलंदाज होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये यापेक्षा लांब मजल आहे ती दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डची, १९५६-५७ च्या मोसमात डर्बनला इंग्लंडविरुद्धच सलग १३७ चेंडू. तिथे षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणून निर्धाव षटकांच्या ओळीत बापू पुढे आहेत.

बापूंची ती बत्तीस षटकं बेसबॉलच्या भाषेत मांडली तर १९२ चेंडू होतात. बेसबॉलचा पिचर पूर्ण सामन्यात साधारण शंभर-सव्वाशे फेकतो. बापूंचा वेग डावखुऱ्या फिरकीचा, पण पिचरच्या खिडकीसारखीच त्यांची जागा ठरलेली होती. टप्प्याच्या जागी खेळपट्टीवर नाणं ठेवून ते सराव करायचे आणि चेंडू पुन्हा पुन्हा त्या नाण्यावर पाडायचे, अशी आठवण क्रिकेटच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. पुढे जाऊन खेळावा तर चेंडू पुरेसा पुढे नाही, मागे राहून खेळावा तर पुरेसा मागे नाही. अशा टप्प्यावर यष्टींच्या रोखाने चेंडू आला की फलंदाजाकडे तो अडवण्याशिवाय काही उरत नाही. आपल्या यष्टींची रुंदी ९ इंच आहे, बेसबॉलच्या घरच्या बेसच्या जेमतेम अर्धी. शिवाय बापूंच्या चेंडूला मधे जमिनीवर एकदा टेकायचं होतं. शेकडो चेंडू त्या अरुंद पट्ट्यात ठेवणं किती कठीण आहे ते एकदा नेटमध्ये नाणं ठेवून सहा चेंडू टाकले तरी कळतं.

त्यांची कारकीर्दही याच घडणीची होती. ४१ कसोटी, ८८ बळी, आणि षटकामागे सरासरी १.६७ धावा. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला ३२ षटकांत २३ धावा, त्याच मालिकेत दिल्लीला ३४ षटकांत २४. मद्रासचा डाव एका दिवसाचा योगायोग नव्हता हे यावरून दिसतं. आणि बॅट हातात आली की त्याच संयमाने ते उलट्या बाजूनेही खेळायचे. इंग्लंडविरुद्धच्या त्याच मालिकेत कानपूरच्या शेवटच्या कसोटीत ते ५२ आणि १२२ धावा करून दोन्ही डावांत नाबाद राहिले.

मद्रासच्या त्या गोलंदाजीवर आक्षेपही आहेत. इंग्लंडचे फलंदाज मारायलाच उतरले नव्हते, सामना अनिर्णित राहिला, त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या, आणि बापूंना त्या बत्तीस षटकांत एकही बळी मिळाला नाही. हे सगळं खरं आहे. बेसबॉल आणि क्रिकेट यांच्यातला मूळ फरक इथेच आहे. बेसबॉलमध्ये सामना अनिर्णित राहत नाही, म्हणून समोरच्याच्या खात्यात शून्य ठेवलं की तुमच्या संघाला एक धावही पुरते. कसोटीत धावा अडवल्याने घड्याळ चालत राहतं आणि वीस गडी बाद केल्याशिवाय जिंकता येत नाही. तरीही त्या डावाला रटाळ म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. अडवून खेळणाऱ्या फलंदाजालाही अधूनमधून सैल चेंडू मिळतो आणि तो आपसूक धाव घेतो. सलग १३१ चेंडूंत तसा एकही चेंडू मिळू नये, हे फलंदाजाच्या भित्रेपणाने होत नाही. त्यासाठी गोलंदाजाचा हात तसा लागतो.

अशा निर्धाव चेंडूची दखल आता खेळही घेऊ लागला आहे. आयपीएलने २०२३ च्या बाद फेरीत निर्धाव चेंडूला फलकावर स्वतःची जागा दिली. प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावायचं क्रिकेट मंडळाने जाहीर केलं आणि पडद्यावर ठिपक्याच्या जागी झाडाचं चित्र दिसू लागलं. वीस षटकांच्या खेळात संघाची रणनीती आखणारे आता गोलंदाजाने किती चेंडू कोरे टाकले हे बळींइतकंच काळजीने मोजतात, कारण तीन-चार कोरे चेंडू गेले की फलंदाज धोका पत्करतो आणि बळी बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळतो.

मद्रासला बळी मिळाला नाही, पण बापूंना बळी घेता येत नव्हते असंही नाही. १९६८ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध एका डावात त्यांनी ४३ धावांत सहा गडी बाद केले. आणि त्याच्याही आधी, निर्धाव षटकांच्या त्या कसोटीनंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये मद्रासच्या त्याच मैदानावर ऑस्ट्रेलिया खेळायला आली. बापूंनी पहिल्या डावात ३१ धावांत पाच आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत सहा असे अकरा बळी घेतले. तो सामना भारत १३९ धावांनी हरला.